युगांडात संशोधनाला जाताय? आधी मंजूर प्रकल्पांची यादी वाचा

पब्लिक हेल्थमध्ये किंवा जीवशास्त्रात मास्टर्स करणारी, पीएचडीसाठी विषय शोधणारी आपल्याकडची मुलंमुली मला एक प्रश्न हमखास विचारतात: "आफ्रिकेत फील्डवर्क करायचंय, सुरुवात कुठून करू?" मी कंपालात एका आरोग्य प्रकल्पावर काम करते आणि माझा बराचसा वेळ परवानग्यांची कागदपत्रं करण्यात जातो. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असतं. विषय, गाइड, तिकीट हे सगळं नंतर. आधी युगांडा नॅशनल काउन्सिल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजीने मंजूर केलेल्या प्रकल्पांची यादी नजरेखालून घाला.

ही काउन्सिल १९९० च्या कायद्याने स्थापन झाली. कचेरी कंपालाच्या न्टिंडा भागात आहे. देशी असो वा परदेशी, युगांडात संशोधन करणाऱ्याला इथे नोंद करावी लागते. मग अभ्यास ब्विंडीच्या जंगलातल्या गोरिलांचा असो, केळीवरच्या रोगाचा असो की एचआयव्हीच्या औषधाचा.

यादी दिसायला अगदी रटाळ असते. प्रकल्पाचं लांबलचक शीर्षक, प्रमुख संशोधक, संस्था, जिल्हा आणि एक क्रमांक. एचएसने सुरू होणारे क्रमांक आरोग्याचे, एसएसचे सामाजिक शास्त्रांचे. पण चिकाटीने दहा-बारा पानं वाचली की कुठे काय चाललंय ते कळायला लागतं. आरोग्याचे अभ्यास काही जिल्ह्यांत दाटीवाटीने आहेत आणि काही ठिकाणी तुरळक. दाटी का आहे, हे शोधलंत तर निम्मा गृहपाठ तिथेच होतो.

राकाईचं उदाहरण घ्या. एड्सची साथ ऐंशीच्या दशकात या जिल्ह्याने फार जवळून पाहिली आणि त्याच दशकाच्या शेवटी तिथे दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. सुंता केलेल्या पुरुषांना एचआयव्हीची लागण कमी होते का, हे तपासणाऱ्या तीन मोठ्या चाचण्यांपैकी एक राकाईत झाली. फायदा इतका स्पष्ट दिसला की २००६ मध्ये ती मुदतीआधीच थांबवली आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिफारस काढली. मसाकाच्या बाजूला क्यामुलिब्वा परिसरातल्या गावांचा पाठपुरावा १९८९ पासून चालू आहे. पूर्वेकडचं टोरोरो मलेरियासाठी प्रसिद्ध. उत्तरेत आर्टेमिसिनिन औषधाला अंशतः दाद न देणारे मलेरियाचे परजीवी सापडल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं.

एन्टेबेची युगांडा व्हायरस रिसर्च इन्स्टिट्यूट तर आपल्याला परकी वाटायलाच नको. रॉकफेलर फाउंडेशनने १९३६ मध्ये ती पीतज्वराच्या अभ्यासासाठी काढली. १९३७ मध्ये वेस्ट नाइल विषाणू तिथेच वेगळा केला गेला आणि १९४७ मध्ये जवळच्या झिका जंगलात पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडात झिका सापडला. पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, १९५२ मध्ये सुरू झाली, तीही याच फाउंडेशनच्या आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सहकार्यातून. विषाणूशास्त्रातली मुलं पुण्यातून निघून एन्टेबेला आली की त्यांना बिचकायला होत नाही, यात मला नवल वाटत नाही.

आता माझं मत, जे सगळ्यांना पटत नाही. चार-सहा महिन्यांचा मास्टर्सचा प्रबंध असेल तर स्वतंत्र नवा प्रकल्प काढण्याच्या फंदात पडू नका. यादीतला चालू असलेला मोठा अभ्यास शोधा, त्यांना ईमेल करा आणि त्यांच्या मंजूर प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, तुमचा छोटा उपअभ्यास बसतो का ते विचारा. बसत असेल तर प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती मंजूर करून घ्यायची. तीही एथिक्स समितीसमोर, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीसमोर जाते, पण पाया घातलेला असतो आणि गावाला ती टीम माहीत असते. अस्पर्शित जिल्ह्यात पहिलं पाऊल आपलं, हे स्वप्न पीएचडीवाल्यांनी पाहावं, त्यांच्याकडे वर्षं असतात. दाटीच्या जिल्ह्यांचा तोटाही सांगते. तिथल्या घरांत तुमच्याआधी बऱ्याच प्रश्नावल्या येऊन गेलेल्या असतात, आणि तुमचा तिसरा प्रश्न सुरू होण्याआधी आजीबाई उत्तर देऊन मोकळ्या होतात.

परवानगीची वाट साधारण अशी. पहिली गरज स्थानिक संस्थेची: मकेरेरे विद्यापीठ, एखादं रुग्णालय किंवा संशोधन संस्था. तिचं संलग्नतेचं पत्र आणि एक युगांडन सहसंशोधक असल्याशिवाय परदेशी माणसाचं पान हलत नाही. मग प्रोटोकॉल, काउन्सिलची मान्यता असलेल्या एथिक्स समितीकडे. तिची मंजुरी आली की काउन्सिलकडे. अर्ज ऑनलाइन भरतात, रांग लावावी लागत नाही. औषधाची किंवा लशीची चाचणी असेल तर नॅशनल ड्रग अथॉरिटीची वेगळी परवानगी. राष्ट्रीय उद्यानात काम असेल तर युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटीची. तुमचं विद्यापीठ भारतातलं असेल तर इथली मंजुरी मिळाली म्हणून तिथल्या एथिक्स समितीतून सुटका होत नाही. दोन्हीकडच्या लागतात. शुल्क परदेशी लोकांना वेगळं असतं, ते प्रबंधाच्या बजेटमध्ये पहिल्या दिवशीच धरा.

किती वेळ लागतो? महिने धरून चाला. आठवड्यांत काम होईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण इथली व्यवस्था मुळातच सुस्त आहे, हा समजही काढून टाका. ३० जानेवारी २०२५ ला युगांडाने सुदान प्रकारच्या इबोलाची साथ जाहीर केली आणि चार दिवसांत कंपालात लशीची चाचणी सुरू झाली. २०२२ च्या साथीत लशीचे डोस येईपर्यंत साथच ओसरली होती. त्यानंतर तयारी करून ठेवली गेली, म्हणून पुढच्या वेळी एवढ्या झटपट सुरुवात करता आली. तुमच्या-माझ्या फायली बहुतेकदा अडतात त्या अर्धवट कागदांमुळे.

एथिक्स समितीच्या शंकांचं पत्र येतं तेव्हा नवखी मुलं हिरमुसतात. मला विचाराल तर या सगळ्या प्रवासात सर्वांत शिकण्यासारखा कागद तोच. संमतीपत्रात "पाच मिलिलिटर रक्त" लिहिलं असेल तर समिती विचारते, चमच्याच्या मापात सांगा ना. वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार कोण असेल? संमतीपत्र लुगांडा, अचोली, अटेसो अशा इथल्या भाषांत कोणी केलं, आणि ते परत इंग्रजीत करून कोणी ताडून पाहिलं? वाटखर्च किती देणार? फार कमी दिला तर लोकांचा रोज बुडतो, फार जास्त दिला तर पैशासाठी लोक होकार देतात. नमुने देशाबाहेर पाठवायचे असतील तर तीच तपासणी युगांडात का होत नाही, हे पटवून द्यावं लागतं आणि नमुने हस्तांतराचा वेगळा करार करावा लागतो.

अठरा वर्षांखालच्यांचा मुद्दा आपल्याकडच्या मुलांना हटकून नवा असतो. २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अठराच्या आतली मुलगी गरोदर असेल, विवाहित असेल, तिला मूल असेल किंवा ती स्वतःचं पोट स्वतः भरत असेल तर ती स्वतः संमती देऊ शकते. सतरा वर्षांच्या आईला तिच्या वडिलांची सही आणायला धाडण्यात अर्थ नाही, हे त्यामागचं साधं व्यवहारज्ञान. आपल्याकडचा फॉर्म जसाच्या तसा उचलून आणला तर इथे नेमकं अडतं.

काउन्सिलचं पत्र हाती आलं की पेढे वाटायची घाई करू नका. त्या पत्रावर जिल्हा उघडतो, गाव नाही. जिल्ह्यात राष्ट्राध्यक्षांचा प्रतिनिधी असतो, तो रेसिडेंट डिस्ट्रिक्ट कमिशनर. मुख्य प्रशासकीय अधिकारी असतो. आरोग्याचा अभ्यास असेल तर जिल्हा आरोग्य अधिकारी. प्रत्येकाच्या कचेरीत भेटवहीत नाव लिहायचं, पत्राची एक प्रत द्यायची, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्यायचा. म्हणून पत्राच्या भरपूर प्रती जवळ ठेवा, तालुक्याच्या गावी वीज गेली की झेरॉक्सही गेली. घाईघाईत मुद्द्यावर येणं इथे उद्धटपणाचं समजतात. आधी "ओली ओत्या" (कसे आहात), घरचे कसे आहेत, पाऊस काय म्हणतोय, आणि मग काम. पुरुषाला "सेबो", बाईला "न्याबो" म्हटलंत की समोरचा माणूस सैलावतो.

सर्वांत शेवटी एलसी वन चेअरमन, म्हणजे गावाच्या परिषदेचा प्रमुख. मसाकाकडच्या एका गावात आम्ही असेच एका चेअरमनच्या अंगणात फणसाखाली बसलो होतो. त्यांनी सगळी पत्रं उलटसुलट करून पाहिली, शिक्क्यांच्या तारखा बोट ठेवून वाचल्या आणि आमच्या सहकाऱ्याला लुगांडात विचारलं, "रक्त घेऊन जाल ते ठीक आहे. निकाल कोण आणून देणार? मागच्या वेळचे लोक परत फिरकलेच नाहीत." मागचे लोक कोण होते ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. पण आमच्याकडे उत्तर तयार होतं: निकाल कोण देणार, कोणत्या आरोग्य केंद्रात, किती दिवसांत, आजार निघाला तर पुढे काय. तयार होतं, कारण एथिक्स समितीने हाच प्रश्न लेखी विचारून आम्हाला भंडावलं होतं. चेअरमननी वहीत नोंद केली, शाईच्या पॅडवर दोनदा शिक्का दाबला आणि व्हिलेज हेल्थ टीमच्या बाईंना फोन लावला. या बाई म्हणजे आपल्या आशाताईंच्या वर्गातल्या. गावात कोणाच्या घरी कधी जायचं आणि कोणाच्या घरी मुळीच जायचं नाही, हे त्याच सांगतात.

करिअरचं म्हणाल तर यातूनच एक चांगली वाट निघते आणि तिच्याकडे आपली मुलं वळून बघत नाहीत. सगळ्यांना डेटा ॲनालिसिस करायचं असतं. रेग्युलेटरी ऑफिसर, म्हणजे प्रोटोकॉल, दुरुस्त्या, वार्षिक नूतनीकरण, दुष्परिणामांचे अहवाल, ऑडिटच्या फायली हे सगळं सांभाळणारा माणूस, प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला लागतो. त्यासाठी गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या नियमावलीचं, चालू मुदतीचं प्रमाणपत्र, मानवी सहभागींच्या संरक्षणाचं प्रशिक्षण आणि युगांडाचा २०१९ चा डेटा संरक्षण कायदा नीट वाचलेला हवा. हे काम नैरोबीतही चालतं. केनियात परवाना नॅकोस्टी ही तिथली विज्ञान संस्था देते, टांझानियात तशीच कोस्टेक, आणि तिथे आरोग्याच्या अभ्यासाला राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेची नैतिक मंजुरी लागते. नावं बदलतात, प्रश्न तेच.

निघण्यापूर्वीच्या दोन गोष्टी. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. पिवळं प्रमाणपत्र युगांडात उतरताना लागतं आणि परत भारतात येतानाही. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर विलगीकरणात बसवतात. आणि पर्यटक व्हिसावर संशोधन करू नका. केनिया, युगांडा, रवांडा या तिन्ही देशांत चालणारा पूर्व आफ्रिका व्हिसा सफारीसाठी उत्तम, प्रश्नावलीसाठी नाही. कोणता पास लागेल ते यजमान संस्थेचं ऑफिस सांगतं. त्यांना आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

एथिक्स समितीची मंजुरी सहसा एका वर्षाची असते. ती संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज जायला हवा, नाहीतर काम तिथल्या तिथे थांबवावं लागतं. मी मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवते. अभ्यास संपला की अंतिम अहवाल समितीला आणि काउन्सिलला, एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला, आणि गावासाठी तिथल्या भाषेत एक पान. त्या पानाच्या छपाईचे आणि गावापर्यंतच्या बोडाबोडाचे, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीचे, पैसे बजेटमध्ये सुरुवातीलाच लिहा, कारण शेवटी त्यासाठी पैसे कोणाकडेच उरलेले नसतात.