भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. लसीकरण आणि बाळंतिणींच्या फेऱ्या करताना वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांच्या आया मला दारात अडवतात. "ताई, पोट्टा बोलूनच नाही रायला. लयच आळशी झाला." आळशी हा शब्द मी आधी बाजूला ठेवायला लावते, कारण ते नैराश्यही असू शकतं.

मग भिंतीवरचं कॅलेंडर मागते. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लागला, फवारणी कधी झाली, सगळं त्यावर असतं. आईला चहा ठेवायला आत पाठवायचं, पोराला शेजारी बसवायचं आणि एकेक पान मागं उलटायचं. "काय झालं तुले?" म्हटलं की "काही नाही" एवढंच येतं. "पोळ्याच्या टायमाला घरी काय चालू होतं रे?" म्हटलं की तोंड उघडतं.

एका बावीस वर्षांच्या मुलासोबत अशीच बसले होते. पोलीस भरतीत राहिला म्हणून खचला, असं घरच्यांचं म्हणणं. पानं उलटली तर जूनमध्ये दुबार पेरणी, ऑगस्टमध्ये बापाचा पाय मोडला, दिवाळीनंतर बहिणीच्या लग्नाचं कर्ज. जानेवारीतल्या एका कोऱ्या तारखेवर त्यानं बोट ठेवलं आणि नखानं कागद खरवडत राहिला. मी काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "त्या दिवशी तिचं लग्न झालं." ती म्हणजे बहीण नव्हे, त्याच्या मनातली पोरगी. भरती त्याच्याही नंतरची.

घरच्यांना शेवटचाच घाव दिसतो, म्हणून "एवढ्याशा गोष्टीनं?" असं वाटतं. पहिल्या घावानं झोप मोडते. झोप नसली की तेच विचार रात्रभर फिरतात, दिवसा काम सुधरत नाही, मग माणूस पारावर जाणं सोडतो. पुढचा घाव येतो तेव्हा तो एकटाच असतो. त्यातही काही गमावलं आणि वर चारचौघांत मान खाली गेली, तर ते फार खोल लागतं. पण सारखे घाव सोसून सगळेच खचत नाहीत. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी लंडनमधल्या बायकांच्या नैराश्याचा अभ्यास 1978 साली मांडला. मनातलं सांगावं असं जवळचं माणूस ज्यांना होतं, त्या संकटातही कमी खचल्या. आपल्या घरात ते माणूस कोण, हे पोरालाच विचारा. बहुतेकदा ते आईबाप नसतात, मामा किंवा वहिनी असते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

दोन आठवडे रोज मन उदास, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, "मी कामाचा नाही" असं बोलणं, असं दिसलं तर डॉक्टरला दाखवायचंच. तरण्या पोरांत उदासीपेक्षा चिडचिडही जास्त दिसू शकते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. त्याआधी "फरक नाही" म्हणून बंद करू नका आणि बरं वाटल्यावरही मनानं सोडू नका.

एक प्रश्न मात्र टाळायचा नाही. "जीव द्यावा असं मनात येते का?" स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ओझं थोडं उतरतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, शेतीची औषधं त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा आणि दवाखान्यात न्या. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर रात्रीबेरात्रीही फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

"आम्ही याच्याहून वाईट दिवस काढले" हे वाक्य कृपा करून बोलू नका. त्यापेक्षा त्याला रोजचं एक लहान काम द्या, बैलांना पाणी दाखवण्याएवढं.

उठताना मी पुढच्या बुधवारवर त्याच्याच हातानं "ताई येणार" असं लिहवून घेते. त्या बुधवारी नाल्याला पूर असला तर फोन करते, नाहीतर जातेच.