आधी मैदान हाताने वाचा

खेळायचं म्हटलं की घरचे पहिल्यांदा विचारतात, "लागलं तर?" लागतं. पॅड घालूनही माझी कोपरं खरचटतात. पण मोकळ्या जागेत, कुणाचाही हात न धरता, सगळं अंग झोकून देता येतं हे मला गोलबॉलमध्येच, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवत समोरच्यांच्या गोलमध्ये टाकायच्या दृष्टिहीनांच्या खेळात, पहिल्यांदा कळलं. नव्यांनी खेळ निवडताना हेच बघावं, असं मी आग्रहाने सांगेन.

हा खेळ मुळातच आपल्यासाठी, न दिसणाऱ्या किंवा कमी दिसणाऱ्यांसाठी जन्मला. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये तो तयार झाला आणि १९७६ पासून पॅरालिम्पिकमध्ये पदकांसाठी खेळला जातो. एका बाजूला तिघं, मैदान १८ बाय ९ मीटर, सव्वा किलोचा घुंगरांचा चेंडू. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, त्यामुळे थोडं दिसणारा आणि अजिबात न दिसणारा यांच्यात फरक उरत नाही.

सुरुवातीला चेंडूची घाई नको. रेषांच्या चिकटपट्टीखाली दोरी असते. गुडघ्यांवर बसून ती बोटांनी चाचपा, तळपायाने ओळखा. मागे सरकून गोलपोस्टला हात लावा, गिरकी घ्या आणि तोंड पुन्हा समोर येतंय का ते तपासा. आपण कुठे आहोत हे पक्कं ठाऊक नसेल, तर नुसता चेंडूचा आवाज ऐकून काय अडवणार?

मग कान. चांगला खेळाडू चेंडू इतका सफाईने सोडतो की घुंगरू जेमतेम वाजतात. तेव्हा समोरच्याच्या धावत्या पावलांवरून दिशा धरायची. म्हणूनच चेंडू खेळात असताना प्रेक्षकांनाही गप्प बसावं लागतं. सरावात आजूबाजूला गप्पा चालल्या असतील तर थांबवायला सांगा, भीड बाळगू नका.

धावायची ओढ असेल तर गाईड रनर, म्हणजे सोबत धावणारा दिसणारा जोडीदार, आणि दोघांच्या हातातली छोटी दोरी लागते. जोडीदार वेगवान असण्यापेक्षा वळण वेळेवर सांगणारा हवा. शर्यतीत त्याने तुमच्या आधी अंतिम रेषा ओलांडायची नसते. ज्युदोत पकड धरूनच लढत सुरू होते, त्यामुळे प्रतिस्पर्धी शोधावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका. काचबिंदू असेल किंवा डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका असेल, तर धक्काबुक्कीचा खेळ किंवा वजन उचलणं सुरू करण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारा. उरलेली दृष्टी जपूनच खेळायचं. तपासणीचे कागद नीट ठेवा, स्पर्धेत गट ठरवताना तेच लागतात.