वाटेत गॉथिक कथीड्रल लागतंय: उतरायचं की पुढे जायचं?

युरोपच्या नकाशावर काही गावं अशी आहेत, की तिथलं गॉथिक (टोकदार कमानींच्या, उंच मध्ययुगीन शैलीतलं) कथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, नसतं तर बहुतेक प्रवासी तिथे उतरलेच नसते. फ्रान्समधली शार्त्र, अमियाँ, बोवे. प्रवासाच्या याद्यांमध्ये या सगळ्यांपुढे 'अवश्य पाहा' असाच शेरा असतो, त्यामुळे ठरवताना त्या याद्या काही कामाच्या नाहीत. प्रसिद्धी बाजूला ठेवून तीनच गोष्टी तपासाव्यात: आत मूळचं काय शिल्लक आहे, ते दिवसाच्या कोणत्या वेळी नीट दिसतं, आणि येण्याजाण्याचा वेळ वजा जाता हातात किती उरतं.

आधी बघा, जुनं काय उरलंय

बाहेरून सगळीच कथीड्रलं मध्ययुगीन दिसतात, पण तशी असतातच असं नाही. जर्मनीतल्या कोलोनचंच घ्या. काम १२४८मध्ये सुरू झालं, सोळाव्या शतकात थांबलं आणि पूर्ण झालं थेट १८८०मध्ये. म्हणजे ज्यांच्यासाठी लोक मान वर करतात ते १५७ मीटरचे दोन्ही सुळके एकोणिसाव्या शतकातले आहेत. जुनी मध्ययुगीन रेखाटनं समोर ठेवून बांधलेले. त्यांची भव्यता त्यामुळे कमी होत नाही. पण जुनं काम पाहायचं असेल, तर दारातून सरळ पूर्वेच्या टोकाकडे चालत जावं लागतं. तिथला वेदीभोवतीचा भाग १३२२मध्ये अर्पण झाला आणि बाल येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या अवशेषांची सोनेरी पेटी त्याहूनही जुनी आहे. दारापाशी दहा मिनिटं घुटमळून परत फिरणारे लोक जवळजवळ फक्त एकोणिसावं शतक पाहून जातात.

सर्वांत आधी नष्ट होते ती रंगीत काच. युद्धांनी आणि आगींनी ती घालवलीच, पण अठराव्या शतकात आत जास्त उजेड हवा म्हणून खुद्द चर्चच्या मंडळींनीही पुष्कळ ठिकाणी रंगीत काच काढून साधी बसवली. म्हणून 'काच पाहायला' निघायचं असेल, तर त्या विशिष्ट इमारतीत ती टिकली आहे का, हे आधी शोधावं.

शार्त्रमध्ये ती टिकली आहे. ११९४च्या आगीनंतर उभ्या राहिलेल्या या इमारतीतली तेराव्या शतकातली बहुतेक काच आजही जागेवर आहे. दोन्ही महायुद्धांत ती उतरवून सुरक्षित ठेवली होती. पश्चिमेच्या दारावरच्या तीन उंच खिडक्या तर आगीच्याही आधीच्या, बाराव्या शतकातल्या आहेत.

अमियाँमध्ये उलट परिस्थिती आहे. मध्ययुगीन काच बहुतांश गेलेली, त्यामुळे शार्त्रच्या अपेक्षेने आत शिरणारा माणूस खट्टू होतो. पण अमियाँला जायचं ते ४२ मीटर उंच छतासाठी, पश्चिम दर्शनी भागावरच्या शिल्पांसाठी आणि वेदीसमोरच्या कोरीव लाकडी आसनांसाठी. १५०८ ते १५१९ या काळातली ती आसनं ११० आहेत आणि त्यांवरच्या आकृत्या हजारोंनी आहेत. जाण्याआधी ही आसनं जवळून पाहायला मिळण्याची वेळ विचारून घ्यावी. जाळीबाहेरून ती नुसती तपकिरी दिसतात.

रँसमध्ये फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक होत. सप्टेंबर १९१४च्या तोफमाऱ्यात छत जळालं, जुनी काच मोठ्या प्रमाणात गेली. आज तिथे दर्शनी भागावरची शिल्पं आणि मागच्या टोकाच्या प्रार्थनाकक्षातल्या चित्रकार मार्क शगालच्या १९७४च्या निळ्या खिडक्या पाहाव्यात. हे दोन्ही ज्यांना खुणावत नाही, त्यांनी रँसचा बेत कथीड्रलसाठी तरी करू नये.

बोवे हा प्रकार वेगळाच. छत ४८ मीटर उंच नेलं, १२८४मध्ये त्याचा काही भाग कोसळला. पुढे त्यावर १५३ मीटरचा मनोरा चढवला, तो १५७३मध्ये पडला. मुख्य दालन कधी बांधलंच गेलं नाही. आज आत लाकडी टेकू आहेत आणि इमारत मध्येच तोडल्यासारखी संपते. गॉथिक बांधणीत वजन कुठून कुठे जातं याचं कुतूहल असणाऱ्याला हे अपयश अनेक यशस्वी कथीड्रलांपेक्षा जास्त शिकवतं. इतरांना पाऊण तास पुरे. स्वस्त विमानकंपन्या 'पॅरिस' म्हणून ज्या बोवे विमानतळावर उतरवतात तो याच गावाला लागून आहे, त्यामुळे विमानाला चार तास असतील तर हा थांबा जवळजवळ फुकटात पडतो.

उजेडाचं गणित

बहुतेक कथीड्रलांची वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला असतं. यावरून वेळ ठरवता येते. सकाळी वेदीमागच्या खिडक्या उजळतात, दुपारी दक्षिणेकडच्या, आणि दारावरचं मोठं गोल गवाक्ष दुपार कलल्यावर. उत्तरेच्या खिडक्यांवर थेट ऊन येत नाही, तिथला उजेड दिवसभर साधारण सारखा राहतो. दर्शनी भागाचा फोटो हवा असेल तर सकाळी जाऊन उपयोग नाही. सूर्य इमारतीच्या मागे असतो आणि शिल्पं सावलीत काळी पडतात.

नियमाला अपवाद असतात. शार्त्रची इमारत चांगलीच ईशान्य-नैऋत्य अशी वळलेली आहे, त्यामुळे तिथलं 'पश्चिम' दार प्रत्यक्षात नैऋत्येला तोंड करून आहे. कुठल्याही कथीड्रलची दिशा उपग्रह नकाशावर अर्ध्या मिनिटात कळते. ती बघूनच गाडीची वेळ ठरवावी.

ढगाळ हवा म्हणून बेत रद्द करू नये. कडक उन्हात एका बाजूच्या खिडक्या पेटतात आणि समोरच्या निस्तेज वाटतात. पातळ ढगातून सगळ्या सारख्या वाचता येतात. खरा शत्रू हिवाळा. डिसेंबरात उत्तर फ्रान्समध्ये संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळतो, आणि मग काच आतून नुसती काळी. नोव्हेंबर ते जानेवारी दुपारी एकच्या आत आत शिरता येत नसेल, तर काचेसाठीचा थांबा सरळ गाळावा.

वेळेचा हिशेब

गाडी किती मिनिटांत पोचते, एवढंच बघून लोक फसतात. मुक्कामाच्या दारापासून परत त्याच दारापर्यंत मोजावं. पॅरिसहून शार्त्र: स्टेशनपर्यंत ३० मिनिटं, फलाटावर २०, मोंपार्नास स्टेशनातून साधारण ७० मिनिटांची गाडी, उतरून चढावर १० मिनिटं चालणं. एका बाजूचे २ तास १० मिनिटं झाले. आत-बाहेर मिळून दोन तास दिले तर जाऊन-येऊन सगळे मिळून ६ तास २० मिनिटं होतात.

ढोबळ नियम असा ठेवावा: प्रत्यक्ष पाहण्याचा वेळ एकूण वेळेच्या एक तृतीयांशाहून कमी भरत असेल, तर थांबा नको. शार्त्र या हिशेबात किंचित कमी पडतं, पण आतली काच त्याला तारून नेते. तेवढ्याच अंतरावर अर्धं शिल्लक असलेलं कथीड्रल असेल तर ते बाद.

रँसला जलद गाडी पाऊण तासात नेते, पण इथे हमखास होणारी चूक म्हणजे स्टेशन. काही गाड्या गावातल्या स्टेशनात न जाता बाहेरच्या शांपान्य-आर्देन स्टेशनात थांबतात, आणि तिथून पुढे ट्रॅमने किंवा स्थानिक गाडीने जावं लागतं. तिकिटावर पूर्ण स्टेशनचं नाव वाचावं.

कोलोनमध्ये हा प्रश्नच येत नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कथीड्रल. गाडी बदलताना दीड तास असेल तर बिनधास्त उतरावं. मोठ्या बॅगा मात्र आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे आधी स्टेशनातल्या लॉकरमध्ये सामान टाकावं. त्या रांगेचा वेळ धरूनच दीड तास म्हटलं आहे. साठ मिनिटांहून कमी असेल तर बाहेरून बघावं आणि फलाटावर परत यावं. फ्रान्सच्या स्ट्रासबूर्गमध्ये स्टेशन ते कथीड्रल पंधरा-वीस मिनिटं चालणं आहे, म्हणून तिथे किमान अडीच तास हवेत. खगोलीय घड्याळातल्या बाहुल्यांची मिरवणूक दुपारी साडेबाराला असते. तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि त्या सुमारास नेहमीसारखं आत हिंडता येत नाही. घड्याळ बघायचं नसेल तर ती वेळ टाळून जावं.

दार उघडं असेल का

ही चालती प्रार्थनास्थळं आहेत. रविवारी सकाळी मिस्सा (सामूहिक उपासना) असते, मधल्या वारी लग्न किंवा अंत्यविधी असू शकतो, आणि तेवढा वेळ निम्मी इमारत दोरी लावून बंद होते. कथीड्रलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याच्या प्रार्थनांचं वेळापत्रक असतं, पर्यटन खात्याच्या पानावर बहुधा नसतं. परांची लागली आहे का हे पर्यटकांनी गेल्या महिन्याभरात टाकलेल्या फोटोंवरून कळतं; अधिकृत फोटो नेहमीच परांचीशिवायचे.

शार्त्रच्या जमिनीवरचा चक्रव्यूह पायी चालायची इच्छा असेल तर वार पाहून जावं. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत साधारणपणे शुक्रवारी त्या हटवतात. मंगळवारी जाऊन खुर्च्यांच्या पायांमधून तो शोधत बसण्यात अर्थ नाही.

फ्रान्समध्ये कथीड्रलात शिरायला सहसा पैसे पडत नाहीत. मनोरा, तळघर आणि खजिना यांना तिकीट असतं. इंग्लंडमध्ये यॉर्कसारख्या ठिकाणी आत जायलाच तिकीट आहे. इमारतीत बसून गायन ऐकणं एवढंच हवं असेल तर संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला जावं: पाऊण तास, विनामूल्य, पण फिरण्याची किंवा फोटोची मुभा नाही. मिलानमध्ये तिकीट आहेच, शिवाय खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर दारातून परत पाठवतात.

किती आणि कोणती

आठवड्यात दोन, फार तर. तिसऱ्याला डोळे थकतात आणि सगळ्या कमानी एकसारख्या होतात. दोन निवडताना एकमेकांशी न जुळणारी निवडावीत: उंचीसाठी अमियाँ आणि काचेसाठी शार्त्र ही जोडी उत्तम, आणि याच क्रमाने. शार्त्र आधी झालं की अमियाँच्या पांढुरक्या खिडक्या उगाच केविलवाण्या वाटतात.

फक्त रंगीत काच हवी आणि पॅरिसबाहेर पडायला वेळ नाही, तर शार्त्र सोडून द्यावं. शहरातच सँत-शापेल आहे, १२४८मध्ये अर्पण झालेलं, जवळपास पंधरा मीटर उंचीच्या पंधरा खिडक्यांचं. ते कथीड्रल नाही, छोटं राजेशाही प्रार्थनागृह आहे. पण एका तासात काचेची भूक तिथे भागते. न्यायालयाच्या आवारात असल्याने सुरक्षातपासणीची रांग लांब, म्हणून वेळेचं तिकीट आधी काढावं. पॅरिसचं नोत्र-दाम २०१९च्या आगीनंतर डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा उघडलं. आतला दगड आता लख्ख दिसतो, पण तिथली गर्दी पाहता तासभर शांत बसून काच वाचायची जागा ती नव्हे.

उतरायचं ठरलं तर

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा न काढता बसावं. अंधाराला डोळे सरावल्याशिवाय निळ्या आणि जांभळ्यातला फरक कळत नाही. ८ पट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण जवळ ठेवावी. वरच्या खिडक्या वीस-तीस मीटरवर असतात, नुसत्या डोळ्यांना रंगाचे ठिपकेच दिसतात. खालच्या खिडक्यांतली गोष्ट सहसा खालून वर वाचायची असते. शार्त्रमध्ये काही खिडक्यांच्या अगदी तळाशी पाववाले, चांभार असे कारागीर कामात गुंतलेले दिसतात. वेळ थोडा असेल तर तळाचीच चौकट नीट बघावी.

आणि मनोरा. कोलोनला ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही, जिना अरुंद आणि गोल, वर जाळी. त्यात सहज तासभर जातो आणि वरून शहर दिसतं, कथीड्रल दिसत नाही. दीड तासाच्या थांब्यात तो गाळावा. अपवाद दोनच: मिलानचं छत, जिथे सुळक्यांमधूनच चालता येतं आणि लिफ्टही आहे, आणि स्ट्रासबूर्गचा ६६ मीटरवरचा सज्जा, ३३२ पायऱ्यांचा, जिथे जाताना लाल दगडातलं कोरीव काम हाताच्या अंतरावर येतं.