म्यूझस्कोअरच्या साहाय्याने नोटेशनच्या फाइलमधला मेटाडेटा कसा काढावा

गायकवृंदाच्या जुन्या फोल्डरमध्ये स्टाफ नोटेशनच्या, म्हणजे पाच रेषांवरच्या पाश्चात्य स्वरलिपीच्या, शेदोनशे फाइल साठलेल्या असतात आणि त्यांची नावे ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवीन सुधारित’ अशी असतात. रचना कोणती, संगीतकार कोण आणि ती किती आवाजांसाठी लिहिली आहे, हे पाहण्यासाठी प्रत्येक फाइल उघडत बसण्यापेक्षा तिच्या पोटातली नोंद, म्हणजेच मेटाडेटा, काढून घेणे सोयीचे असते. त्यासाठी म्यूझस्कोअर हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

प्रथम संपूर्ण फोल्डरची प्रत करून घ्यावी व पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. त्यानंतर फाइलींची एक्स्टेन्शन (नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग) पाहून त्यांची वर्गवारी करावी. म्यूझस्कोअरच्या एमएससीझेड फाइली आणि वेगवेगळ्या नोटेशन-सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या म्यूझिकएक्सएमएलच्या फाइली यांतून सर्वाधिक माहिती मिळते. वाद्यांना वाजवण्याच्या सूचना साठवणाऱ्या मिडी फाइलीत ट्रॅकचे नाव, टेम्पो (लय), टाइम सिग्नेचर (मेझरमधल्या मात्रांचा हिशेब) अशा गोष्टी मिळू शकतात. संगीतकाराच्या नावासाठी मात्र तिच्यात वेगळा रकानाच नाही. स्कॅन करून बनवलेली पीडीएफ या कामासाठी बाजूला ठेवलेली बरी.

एकच फाइल तपासायची असेल, तर ती म्यूझस्कोअर ४ मध्ये उघडून ‘फाइल’ मेनूतील ‘प्रोजेक्ट प्रॉपर्टीज’ निवडावे. शीर्षक, संगीतकार, गीतकार, अरेंजर, कॉपीराइट असे रकाने तेथे दिसतात. पुष्कळदा पानावर शीर्षक ठळक छापलेले असते आणि येथे मात्र तो रकाना रिकामा असतो. याचे कारण असे की पानावरचा मजकूर आणि फाइलीतली नोंद या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पानावरचे नाव दुरुस्त केले म्हणून नोंद आपोआप दुरुस्त होतेच असे नाही. माझ्या अनुभवात यादीतल्या बहुतेक चुकांचे मूळ येथेच सापडते.

आत काय आहे हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. एमएससीझेड ही वस्तुतः झिप फाइल असते. प्रतीचे एक्स्टेन्शन बदलून ‘झिप’ केले आणि ती उघडली, की आत एमएससीएक्स ही साध्या मजकुराची फाइल मिळते आणि ती नोटपॅडमध्येही वाचता येते. दाबून साठवलेली म्यूझिकएक्सएमएल, म्हणजे एमएक्सएल, हीदेखील याच रीतीने उघडते. बेटोव्हेनच्या ‘फ्युर एलिझे’ची म्यूझिकएक्सएमएल फाइल घेतली, तर संगीतकाराचे नाव ‘क्रिएटर’ या टॅगमध्ये (माहितीला नाव देणाऱ्या खुणेत) असते, टाइम सिग्नेचरच्या ‘बीट्स’मध्ये ३ आणि ‘बीट-टाइप’मध्ये ८ असते आणि ‘फिफ्थ्स’मध्ये ० असतो. शून्याचा अर्थ एवढाच, की ओळीच्या आरंभीच्या की सिग्नेचरमध्ये एकही शार्प (तीव्र) किंवा फ्लॅट (कोमल) नाही. शार्प असल्यास तो आकडा धन आणि फ्लॅट असल्यास ऋण असतो. ही रचना ए मायनरमध्ये आहे, परंतु ‘मोड’ हा ऐच्छिक टॅग लिहिणाऱ्याने गाळला असेल, तर केवळ शून्यावरून ती सी मेजर की ए मायनर हे ठरवता येत नाही. म्हणून यादीत ‘की’ (रचनेचा आधारस्वर व मेजर-मायनर प्रकार) लिहिताना शंका असेल तेथे अंदाजाने भर घालू नये.

अनेक फाइलींसाठी म्यूझस्कोअर कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टंकून, चालवावे. प्रोग्रामचे नाव, नंतर जागा सोडून दोन जोडरेघा व त्यांना लागूनच ‘स्कोअर-मेटा’ हा पर्याय, नंतर फाइलीचे नाव आणि शेवटी ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह देऊन निकाल ज्या फाइलीत साठवायचा तिचे नाव, असा क्रम ठेवावा. कमांडमधले शब्द अर्थातच रोमन लिपीत टंकावेत. निकाल जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात मिळतो. त्यात शीर्षक, संगीतकार, मेझरची संख्या, पानांची संख्या, सेकंदांतला कालावधी, गीताचे शब्द आहेत की नाहीत आणि प्रत्येक पार्टचे नाव असते. शिवाय पानावरच्या चौकटींतला मजकूर वेगळ्या विभागात दिलेला असतो. नोंदीतले शीर्षक व चौकटीतले शीर्षक शेजारशेजारच्या स्तंभांत ठेवून ताडून पाहावे आणि जेथे फरक दिसेल ती फाइल हाताने तपासावी. हीच कमांड लूपमध्ये, म्हणजे एकेका फाइलीसाठी आपोआप पुन्हा चालेल अशी, घालून संपूर्ण फोल्डरवर चालवता येते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात विकसित झालेली म्यूझिक२१ ही लायब्ररी पाहावी. मात्र ती स्वरांचे विश्लेषण करून जी की सांगते तो तर्क असतो, फाइलीतली नोंद नव्हे, त्यामुळे त्याला निराळा स्तंभ द्यावा.

मराठी गीतांच्या फाइलींत आणखी एक अडचण येते. शीर्षक किंवा शब्द युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले असतील, तर पानावर ते देवनागरीत दिसतात, पण काढलेल्या नोंदीत रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची खिचडी उतरते. हा दोष म्यूझस्कोअरचा नाही. असा मजकूर फॉन्ट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून, ‘प्रोजेक्ट प्रॉपर्टीज’मध्ये व पानावरही बदलून, फाइल जतन करावी आणि मगच तिच्यावर कमांड पुन्हा चालवावी.