‘तुम्ही जाऊन या, मी इथं बसते’: गुडघे बोलायला लागल्यावरचं डिस्ने वर्ल्ड

ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये सावलीतल्या एखाद्या बाकावर हमखास कुणाची तरी आई बसलेली असते. मांडीवर चार जणांच्या पिशव्या, हातात नातवाची टोपी. बाकीचे राइडच्या रांगेत. ‘तुम्ही जाऊन या, मी इथं बसते’ हे वाक्य सकाळी अकराला एकदा म्हटलं की संध्याकाळपर्यंत तेच चालू राहतं.

तिकिटं काढली तेव्हा गुडघे बरे होते. मधल्या वर्षात काठी आली, किंवा पाय घसरून पडणं झालं, किंवा पॅरालिसिसमधून सावरताना एक बाजू अजून थोडी ओढली जाते. आता जायचं म्हटलं की रात्री झोप लागत नाही. ‘झेपेल ना?’ हा मोघम प्रश्न मनात ठेवला तर तो वाढतच जातो. त्याचे तुकडे करून कागदावर लिहिले, तर बहुतेकांच्या कागदावर तेच ते निघतं: चालायचं किती, बसायचं कुठं, बाथरूम लांब असेल का, आणि माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होणार का. यातल्या प्रत्येकाची सोय घरबसल्या लावता येते, फक्त ती निघायच्या आधी लावायची.

आधी मोजून घ्या

‘मला चालता येतं की’ यावर जाऊ नका. डिस्नेच्या चार पार्कांपैकी एकात पूर्ण दिवस घालवला की दहा-बारा किलोमीटर सहज होतात. एपकॉटमधल्या तळ्याभोवतीची देशोदेशींच्या दालनांची नुसती एक फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची आहे. आणि चालण्याहून वाईट असतं ते उभं राहणं. घरात दिवसभर वावरणारा माणूस सलग वीस मिनिटं एका जागी उभा राहिला की कळवळतो.

म्हणून निघायच्या तीन आठवडे आधी दोन गोष्टी घड्याळ लावून बघा. सपाट रस्त्यावर नेहमीच्या गतीनं चालायचं आणि दुखायला किती मिनिटांनी लागलं ते लिहायचं. दुसऱ्या दिवशी, कशालाही न टेकता, किती वेळ उभं राहवतं ते बघायचं. तीन-चार दिवस हे करा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा धरा, कारण पार्कात ऊन, गर्दी आणि प्रवासाचा शीण त्यात भर घालणार असतो. चालणं वीस मिनिटांच्या किंवा उभं राहणं दहा मिनिटांच्या आत थांबत असेल, तर चाकं घ्यायचीच. दमल्यावर बघू, असं नाही. पहिल्या दिवशी सकाळपासून. दुपारी दोनला सुजलेला गुडघा संध्याकाळी खुर्चीत बसवून उतरत नाही, पुढचे दोन दिवस घेऊन जातो.

मुंबई विमानतळावर व्हीलचेअर मागताना आई-बाबा लाजत नाहीत, हे ध्यानात आणून द्या. इथंही कारण तेच आहे, अंतर मोठं आहे.

कुठलं चाक घ्यायचं

पर्याय चार. सीट असलेला चाकाचा वॉकर हा चालता येणाऱ्याला, पण मधूनमधून बसावं लागणाऱ्याला. लहान चाकांची हलकी खुर्ची फक्त दुसऱ्यानं ढकलायची. ती गाडीच्या डिकीत मावते, पण फटींत अडकते आणि ढकलणाऱ्याचा जीव काढते. मागे मोठी चाकं असलेली साधी व्हीलचेअर ढकलायला पुष्कळ हलकी जाते आणि बसणाऱ्यालाही हातानं चालवता येते. चौथी बॅटरीवरची स्कूटर. हात, नजर आणि भान ठीक असेल आणि अडचण फक्त पायांची असेल, तर निःसंकोच स्कूटर घ्या. तिचा मोठा फायदा म्हणजे कुणावर अवलंबून राहावं लागत नाही, आणि ‘माझ्यामुळे लेकाला ढकलावं लागतंय’ हा सल जातो.

पार्कच्या प्रवेशद्वारापाशी व्हीलचेअर आणि स्कूटर भाड्यानं मिळतात, पण आधी राखून ठेवता येत नाहीत. जो आधी येईल त्याला. शिवाय ती स्कूटर पार्कबाहेर नेता येत नाही, म्हणजे बसथांब्यापासून किंवा पार्किंगपासून प्रवेशद्वारापर्यंत पायीच. मॅजिक किंगडमला हे फार लागतं, कारण गाडी लावून आधी मोनोरेल किंवा फेरीबोट पकडावी लागते. त्यापेक्षा बाहेरच्या कंपनीकडून पूर्ण मुक्कामासाठी घ्या, हॉटेलवर आणून देतात. ताबा घेताना घरच्या कुणी समोर हजर असावं लागेल का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. डिस्नेच्या बसमध्ये ३२ इंच रुंद आणि ४८ इंच लांब एवढंच साधन मावतं, तेव्हा माप विचारल्याशिवाय पैसे भरू नका. तीनचाकी स्कूटर अरुंद जागेत पटकन वळते, पण वळणावर कलंडायला सोपी. नवख्या माणसाला चारचाकी बरी.

व्हीलचेअरची सीट कमरेच्या रुंदीपेक्षा दोन इंच जास्त असावी. खाली दोन इंची फोमची उशी टाका. कापडी सीटवर आठ तास बसून जे दुखतं ते वेगळंच.

हॉटेलची खोली घेताना ‘सोयीची खोली’ एवढ्यावर थांबू नका. काही खोल्यांत खुर्ची थेट आत जाईल असा सपाट शॉवर असतो, काहींत टबच असतो आणि भिंतीला आधाराचे दांडे असतात. टबची कड ओलांडता येत नसेल तर दुसऱ्या प्रकाराचा काही उपयोग नाही. लिफ्टजवळची किंवा बसथांब्याजवळची खोली मागा. कॅरिबियन बीचसारखी हॉटेलं तळ्याभोवती पसरलेली आहेत, तिथं खोलीपासून जेवणापर्यंतच निम्मी ताकद संपते.

स्कूटर हातात घेताना

तालीम पार्कात करू नका. अमेरिकेतल्या मोठ्या सुपरमार्केटांत गिऱ्हाइकांसाठी बसून चालवायच्या गाड्या असतात. सकाळी लवकर, दुकान रिकामं असताना, अर्धा अर्धा तास दोनदा चालवून बघा. दूध-भाजीच्या फेरीत निम्मी भीती जाते.

भाड्याच्या स्कूटरवर बहुधा हँडलच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबायची पट्टी असते. एक बाजू दाबली की पुढे, दुसरी दाबली की मागे. सोडली की गाडी थांबते, वेगळा ब्रेक शोधायचा नाही. इथंच घोळ होतो. घाबरलेला माणूस काहीतरी घट्ट धरायला जातो आणि पट्टीच आवळतो, मग गाडी थांबायच्या ऐवजी पुढे उसळते. म्हणून पहिली दहा मिनिटं फक्त एकच सराव: चालवा, हात उघडा, थांबा. हात उघडणं म्हणजे ब्रेक, हे अंगवळणी पडू द्या.

वेगाच्या खुंटीच्या एका टोकाला कासव आणि दुसऱ्याला ससा काढलेला असतो. गर्दीत, दुकानात, लिफ्टमध्ये आणि बसमध्ये चढताना खुंटी पार कासवाकडे. स्कूटरवर चढण्या-उतरण्याआधी किल्ली बंद करायची, कारण उठताना आधारासाठी हँडल धरलं की पट्टी दाबली जाते. मागच्या बाजूला मोटर सुटी करायचा एक दांडा असतो. तो चुकून सुटा राहिला तर गाडीला ब्रेक उरत नाही आणि उतारावर ती आपोआप घरंगळते. रोज सकाळी बसायच्या आधी तो बघा.

चढावर सरळ जायचं आणि अंग थोडं पुढे झुकवायचं. तिरकं जायचं नाही. मॅजिक किंगडमच्या मुख्य रस्त्यावर घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत. ते काटकोनात ओलांडा, तिरके गेलात तर पुढचं चाक खोबणीत बसतं. नातवंडं मांडीवर बसायचा हट्ट करतील, तो मोडून काढा. एका स्कूटरवर एकच माणूस, असा नियमच आहे. आणि गर्दीत समोरच्याची टाच तुमच्या बंपरपासून हातभर लांब हवी. लोक फोटो काढायला न सांगता थांबतात.

बसमध्ये चढताना ड्रायव्हर रॅम्प काढतो, आत जागा दाखवतो आणि पट्ट्यांनी गाडी बांधतो. हे सगळ्यांसमोर होतं आणि पहिल्यांदा कानकोंडं व्हायला होतं. अवघड वाटलं तर ‘तुम्हीच गाडी आत घ्या’ असं घरच्या तरुणाला सांगा आणि रिकामे चालत चढा. स्कायलायनर या तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांच्या (रोपवेच्या) मार्गावर मात्र खुर्चीवाल्यांसाठी वेगळा फाटा आहे, तिथं पाळणा पूर्ण थांबतो.

ढकलणाऱ्यानं लक्षात ठेवायचं

व्हीलचेअरवरून पडणं बहुतेक वेळा चालताना होत नाही, उठताना होतं. पाय ठेवायच्या पट्ट्या खालीच असतात, आई त्यावर पाय देऊन उभी राहते आणि खुर्ची पुढे उलटते. क्रम पाठ करा: दोन्ही ब्रेक, पट्ट्या वर, पाय जमिनीवर, मग उठायचं. पॅरालिसिस झालेल्या माणसाला राइडच्या सीटवर हलवताना ताकदीची बाजू सीटकडे ठेवा. घरी सोफ्यावर हे पाच-सहा वेळा करून बघा. फार उतार असेल तर खुर्ची उलटी फिरवून, स्वतः मागे बघत उतरा.

रांगा आणि राइड

बऱ्याच जणांना वाटतं, व्हीलचेअर म्हणजे रांगेतून सुटका. तसं नाही. रांगेत उभं न राहता दिलेल्या वेळी परत येऊन राइड घेऊ देणारी डीएएस (डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस) ही सवलत मे २०२४पासून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांसाठी ठेवली आहे. फक्त चालण्याच्या अडचणीवर ती मिळेल असं धरून जाऊ नका. पण बहुतेक रांगा खुर्ची-स्कूटर जाईल एवढ्या रुंद आहेत, आणि खुर्ची तुमच्या बुडाखाली असली की रांगेचा त्रास निम्मा होतो. जिथं रांग अरुंद आहे तिथं दुसरं दार असतं. राइडच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला विचारायचं. थांबणंच कमी करायचं असेल तर पैसे भरून लाइटनिंग लेन, म्हणजे वेगळी छोटी रांग घ्या. ती डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ७ दिवस आधी आणि इतरांना ३ दिवस आधी उघडते.

खरा प्रश्न राइडच्या सीटचा आहे. डिस्नेच्या ॲपमध्ये प्रत्येक राइडपुढे लिहिलेलं असतं: स्कूटरसकट जाता येतं, साध्या व्हीलचेअरवर बदलावं लागतं, खुर्चीतून सीटवर हलावं लागतं, की चालता यायलाच हवं. घरी बसून यादी करा. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ आणि किलिमांजारो सफारी व्हीलचेअरवर बसून होतात. मिकीज फिलहारमॅजिकसारख्या थ्रीडी सिनेमाच्या थिएटरात खुर्ची तशीच आत जाते. पीटर पॅनला मात्र सरकत्या पट्ट्यावरून चालत चढावं लागतं, तिथं अडखळणाऱ्यानं जाऊ नये. स्पेस माउंटनची सीट जमिनीलगत आहे, बसणं जमेल पण उठणं नाही. ॲनिमल किंगडममधल्या फ्लाइट ऑफ पॅसेजमध्ये मोटारसायकलवर बसावं तसं पाय फाकून पुढे झुकावं लागतं, बदललेल्या गुडघ्याला ते नको. एपकॉटची सोरिन त्यामानानं साध्या खुर्चीसारखी आहे. सफारी ढेकळातून जावं तशी हादरते, पाठ धरलेली असेल तर ती पुढच्या वेळी.

पाणी, बाथरूम, पाऊस

बाथरूमच्या धास्तीनं पाणी न पिणं ही सगळ्यात घातक चूक. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात पारा ३३ अंशांच्या आसपास आणि हवा दमट. त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर दुपारी चक्कर ठरलेली. सोबतीला आत जाऊ देणारी वेगळी बाथरूम नकाशावर दाखवलेली असतात, सकाळीच त्यावर खुणा करा. गोळीची वेळ बदलायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून. पटकन खाणं देणाऱ्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. घरचं खाणं आत नेता येतं, त्यामुळे दशम्या आणि लाडूंचा डबा खुशाल बांधा; काचेची बरणी मात्र नको. प्रत्येक पार्कात प्रथमोपचार केंद्र आहे. तिथं आडवं पडता येतं आणि इन्सुलिनसारखं औषध थंड ठेवायला देता येतं.

जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाटासह पाऊस येतो. स्कूटरच्या हँडलवर आणि सीटवर टाकायला एक जास्तीचा प्लॅस्टिक रेनकोट घ्या. सीट भिजली तर तासभर ओल्या कपड्यात बसावं लागतं.

घरात बोलून ठेवायचं

‘दमलीस का?’ असं विचारलं की आई ‘छे’ म्हणते. त्यामुळे विचारूच नका. दर दीड तासाला चहा, हे आधीच ठरवा, कुणी दमलेलं असो वा नसो. शिवाय एक खुणेचं वाक्य ठेवा, ‘जरा चहा घेऊया का?’ असं साधंच. ते कुणीही म्हटलं की वाद न घालता बसायचं.

विमानातून उतरल्यावर दोन दिवस पार्क ठेवू नका. पहिला पार्क दिवस अर्धाच करा: उघडायच्या वेळी आत, एकच्या सुमारास परत. दोन राइड झाल्या तरी पुष्कळ. आणि त्या दोन राइड सगळ्यांनी मिळून बसायच्या ठेवा, बाकावरच्या माणसाचं नाव आधी लिहून मग बाकीची यादी.

रात्री आतषबाजी संपली की लगेच निघायचं नाही. हजारो माणसं एकाच दारानं बाहेर पडतात आणि स्कूटरवर बसलेल्याला समोर फक्त पाठी दिसतात. अर्धा तास दुकानांच्या कडेला थांबा. हॉटेलवर पोचल्यावर पादत्राणं काढायच्या आधी स्कूटरचा चार्जर लावा, आणि त्यावरचा दिवा पेटला का ते वाकून बघा.