सिव्हिल वॉर टोकन जमवायचेत? सुरुवात अशी करा

अमेरिकेत सिव्हिल वॉर पेटलं आणि १८६२ मध्ये लोकांनी सोनं-चांदी तर सोडाच, एक सेंटची नाणीसुद्धा घरात दाबून ठेवली, दुकानात सुट्टे मिळेनात, मग दुकानदारांनी स्वतःच्या नावाची तांब्याची टोकन पाडून घेतली. बहुतेकांवर १८६३ साल असतं.

आधी दोन प्रकार ओळखा. दुकानाचं नाव-गाव असेल ते स्टोअर कार्ड, नुसते झेंडे, घोषणा असतील ते पॅट्रियॉटिक. मी तरी स्टोअर कार्डपासूनच सुरू करा म्हणेन, कारण त्यात खरी माणसं भेटतात. न्यूयॉर्कचा बारवाला लिंडेनम्युलर घ्या, दाढीवाल्याचं डोकं आणि बिअरचा मग असलेली त्याची टोकन दहा लाखांवर निघाली म्हणतात. थर्ड अव्हेन्यू रेलरोडकडे तिकिटाच्या पैशात ती ढिगानं साठली, त्यांनी बदलून मागितली तर यानं चक्क नाही म्हटलं, आणि कंपनीला काहीच करता आलं नाही! शेवटी १८६४ मध्ये कायद्यानंच खासगी नाणी बंद केली.

मग एक शहर किंवा एकच धंदा धरा, सगळं जमवायला गेलात तर खिसा आणि उत्साह दोन्ही संपेल. सिनसिनाटी मस्त आहे, तिथली टोकन भरपूर निघाली. फुल्ड नंबर, म्हणजे या टोकनांच्या कॅटलॉगमधला क्रमांक, वाचायला शिका: आधी राज्य, मग गावाचा आकडा, म्हणजे ओएच १६५ दिसलं की ओहायोचं सिनसिनाटी, पुढे दुकानदाराची अक्षरं आणि व्हरायटी, म्हणजे साच्यातला फरक. दुर्मीळपणा आर-१ ते आर-१०, आर-१० म्हणजे माहितीतलं एकच.

हातात आलं की लूप, म्हणजे छोटं भिंग, लावून बघा. साइज साधारण १९ मिमी, तेव्हाच्या सेंटएवढी. काहींवर ‘वन सेंट’ ठसठशीत आणि वर बारीक अक्षरात ‘नॉट’ असतं, म्हणजे नकली नाण्याचा आरोप नको, तेवढी खबरदारी!

विकत घेताना दोन्ही बाजूंचे क्लिअर फोटो मागाच, आणि भारतात मागवत असाल तर कुरिअर आणि कस्टम्स धरूनच किंमत ठरवा. घासून गुलाबी चमकवलेलं तांबं स्वस्त मिळालं तरी सोडा, तपकिरी पण अक्षरं शाबूत असलेलं घ्या.

आणि प्लीज, चिंच-लिंबू, पितांबरी काही लावू नका, किंमत तिथेच पडते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात हिरवट चिकटा धरतो, मायलारची (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची) पाकिटं घ्या, आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच.