पाकीट जाड, तरी चिवडा सादळला: पॅकिंगमध्ये या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की फराळाचा धंदा करणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "गेल्या वर्षी चिवडा सादळला. यंदा साठच्या जागी ऐंशी मायक्रॉनचं पाकीट घेऊ का?" पाकीटवाला हो म्हणतो, आणि तो का नाही म्हणेल? पाकिटाची प्लॅस्टिक फिल्म किलोवर विकली जाते, आणि मायक्रॉन म्हणजे तिच्या जाडीचं माप, मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडी वाढली की पाकिटाचं वजन वाढतं आणि तेवढ्याच किलोत तुमच्या हाती पाकिटं कमी पडतात. चिवडा मात्र बऱ्याचदा परत सादळतो, कारण दोष जाडीचा नव्हताच. तो एकतर फिल्मच्या जातीत असतो किंवा सीलमध्ये. माझ्या मते आधी सील तपासावं, पण लोक फिल्मपासून सुरुवात करतात, म्हणून आपणही तिथूनच सुरू करू.

जाडी बघून फिल्म घेणं

बटाटा वेफर्सचं रिकामं पाकीट बोटांत धरून बघा. तुमच्या जाड पॉलिथिनच्या पिशवीपेक्षा ते पातळ लागेल, तरी आतले वेफर्स काही महिने कुरकुरीत राहतात. ही करामत जाडीची नाही. वेफर्सची पाकिटं सहसा बीओपीपीच्या (उभ्या-आडव्या ताणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या) दोन पातळ फिल्म एकमेकींना चिकटवून केलेली असतात. एकीवर छपाई असते आणि दुसरीवर निर्वात यंत्रात ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते. धातूचा हा थर मायक्रॉनच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाइतका असतो, पण ओल आणि हवा अडवायचं मुख्य काम तोच करतो. नुसती पॉलिथिनची जाडी दुप्पट केली तर आत येणारी ओल साधारण निम्मी होते. धातूचा थर बसवला की ती कित्येक पटींनी घटते.

प्रत्येक फिल्मचा स्वभाव वेगळा. पॉलिथिन ओल बऱ्यापैकी अडवतं आणि छान सील होतं, पण त्यातून ऑक्सिजन आरपार जातो. बीओपीपी चकचकीत आणि कडक असते, ओलीला चांगली, हवेला कच्ची. पॉलिस्टर मजबूत असतं, त्यावर छपाई सुरेख येते आणि हवाही ते बऱ्यापैकी अडवतं. नायलॉन टोचलं तरी सहजी फाटत नाही आणि ऑक्सिजन रोखतं, मात्र ओलीपुढे हरतं. ॲल्युमिनियम फॉइल सगळंच अडवतं, फक्त घडीवर त्याला बारीक भोकं पडतात. एकटी फिल्म सगळं सांभाळू शकत नाही, म्हणून दोन-तीन फिल्म गोंदाने जोडून लॅमिनेट करतात. बाहेर १२ मायक्रॉन पॉलिस्टर आणि आत ५० ते ७५ मायक्रॉन पॉलिथिन ही आपल्याकडच्या छोट्या उद्योगांची नेहमीची जोडी.

त्यामुळे ऑर्डर देताना "किती मायक्रॉन" हा प्रश्न मागाहून. आधी सांगायचं ते आत काय भरणार आणि ते कशाने बिघडतं. शेव-चकलीला ओल, हवा आणि उजेड तिन्ही मारतात. हळद आणि मिरची पूड उजेडात रंग सोडते, म्हणून पारदर्शक खिडकी ठेवायची हौस इथे महागात पडते. पापडाला ओल तर बाधतेच, शिवाय त्याची धारदार कड आतून फिल्मला टोचते. नाशिकच्या ताज्या द्राक्षांचं गणित याच्या अगदी उलट. फळ श्वास घेत असतं, त्याला भोकांची पिशवीच हवी.

चांदीसारखं दिसतं म्हणजे फॉइल, हाही एक मोठा गैरसमज. काही व्यापारी मेटलाइज्ड पाकीट, म्हणजे वर सांगितलेला धातूच्या वाफेचा थर बसवलेलं, फॉइल म्हणून खपवतात. ओळखायला सोपं आहे. अंधाऱ्या खोलीत पाकिटाच्या आत मोबाईलचा टॉर्च लावून धरा. मेटलाइज्ड असेल तर उजेड अंधुक का होईना, पलीकडे दिसतो. फॉइल असेल तर काहीच दिसत नाही, आणि दिसलंच तर सुईच्या टोकाएवढे ठिपके, म्हणजे तिथे भोकं आहेत. दुसरी खूण घडीची: फॉइल दुमडलं की दुमडलेलंच राहतं, मेटलाइज्ड फिल्म परत उलगडू बघते.

जाडीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १२० मायक्रॉनचा केंद्राचा नियम आठवून काही जण फराळाची पाकिटंही तेवढीच जाड मागतात. ३१ डिसेंबर २०२२ पासूनचा हा नियम कॅरी बॅगसाठी आहे, लॅमिनेटच्या पाउचसाठी नाही.

मागितलं तेच मिळालं का, हे बघायला सोनाराचा काटा पुरतो. दहा बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा कापून वजन करा. १२ मायक्रॉन पॉलिस्टर आणि ५० मायक्रॉन पॉलिथिनच्या लॅमिनेटचा तुकडा शाई आणि गोंद धरून सुमारे ०.६५ ते ०.७ ग्रॅम भरतो. अर्धाच ग्रॅम भरला तर आतलं पॉलिथिन कमी घातलंय, आणि सील त्याच थराचं होतं.

सील "दिसतंय" म्हणजे झालं, असं समजणं

बहुतेक तक्रारींचं मूळ इथे सापडतं. आतलं पॉलिथिन साधारण ११० अंशांच्या आसपास वितळायला लागतं, बाहेरच्या पॉलिस्टरला वितळायला अडीचशे अंश लागतात. मधल्या या अंतरामुळेच बाहेरून आच देऊन आतले दोन थर एकजीव करता येतात. नुसत्या बीओपीपीच्या साध्या पिशवीला हॅण्ड सीलर लावला की कड आक्रसून चुरगळते, ती यामुळेच. तिथे वितळणारा वेगळा आतला थर नसतो.

सीलला तीन गोष्टी लागतात: तापमान, वेळ आणि दाब. मशीनवरचा आकडा बारचं, म्हणजे फिल्म दाबणाऱ्या गरम पट्टीचं, तापमान सांगतो, फिल्मच्या आतल्या थरापर्यंत किती उष्णता पोचली ते सांगत नाही. ऑर्डर वाढली म्हणून बँड सीलरचा (पाकिटं सरकत्या पट्ट्यातून नेत सील करणाऱ्या मशीनचा) वेग वाढवला आणि तापमान तेच ठेवलं, की सील कच्चं पडतं. वीज जाऊन आल्यावर घाईघाईत काढलेली पहिली काही पाकिटं तर जवळपास नेहमीच कच्ची निघतात. ती बाजूला काढायचं कामावरच्या बाईंना कुणी सांगितलेलं नसतं, आणि तीच पाकिटं सगळ्या बॅचचं नाव खराब करतात.

तपासायचं असं. सील पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम सील चांगलं असलं तरी सुटतं. मग एक इंच रुंदीची पट्टी कापा आणि दोन्ही बाजू विरुद्ध दिशेला ओढा. दोन थर आवाज न करता स्वच्छ सुटले तर आच किंवा वेळ कमी पडलाय. सील शाबूत राहून फिल्मच ताणली गेली किंवा फाटली तर काम चोख. सीलच्या आतल्या कडेवर काडकन तुटलं, कड कडक आणि सुरकुतलेली दिसली, तर आच जास्त झालीय. पॉलिथिन दाबाने बाजूला सरकून तिथला थर पातळ झालाय. आणखी एक प्रकार बघायला मिळतो: सील धरून राहतं, पण चंदेरी थर एका बाजूवरून निघून दुसऱ्या बाजूला चिकटतो. असं झालं तर मशीनला हात लावू नका. धातू फिल्मवर नीट बसलेला नाही, रोल परत करा.

सीलच्या जागेवर माल उडणं हे दुसरं दुखणं. शेवेचा एक तुकडा किंवा तेलाचं बोट पुरतं. मसाल्याची पूड तर फिल्मवरच्या स्थिर विजेमुळे आपणहून वर चढून बसते. नरसाळं सीलच्या रेषेच्या खाली जाईल एवढं लांब घ्या. माल आणि सील यांत दोन-तीन सेंटीमीटर जागा मोकळी सोडा. तेलकट मालाला तारेच्या हॅण्ड सीलरची बारीक रेघ टिकत नाही, तिथे निदान दहा मिलिमीटर रुंद सील लागतं. सीलरवरचं टेफ्लॉनचं कापड जळून काळं पडलं असेल तर ते आधी बदला. महिनोन्‌महिने तेच कापड चालवलेलं मी कित्येक ठिकाणी पाहिलंय, आणि त्याची किंमत विचाराल तर किरकोळ.

आता हवा नेमकी कुठून शिरते ते बारकाईने बघा. उशीसारख्या सेंटर सील पाकिटाच्या मागे एक उभा जोड असतो. तो जोड वरच्या आडव्या सीलला जिथे भेटतो तिथे फिल्मचे चार थर होतात, शेजारी लगेच दोन. या पायरीवर सीलिंग बार टेकतो तो चार थरांवर, आणि लगतच्या दोन थरांवर दाबच पडत नाही. तिथे केसाएवढी नळी उरते. डोळ्यांना दिसत नाही, पण चिवड्याला पावसाळी हवा पाजायला ती पुरेशी असते. गसेटच्या, म्हणजे बाजूंना आत घडी घातलेल्या, पाकिटात हीच पायरी दोन्ही कडांना येते. स्टँड-अप पाउच घेत असाल तर तळाच्या घडीच्या कोपऱ्यात अर्धचंद्राची छोटी भोकं पाडलीयत का ते बघा. घडीची बाहेरची बाजू पॉलिस्टरची असते आणि पॉलिस्टर पॉलिस्टरला चिकटत नाही. त्या भोकांतून पुढच्या आणि मागच्या भिंतीचं पॉलिथिन एकमेकांना धरतं. भोकं नसतील तर कोपरे उघडतात आणि पाउच नीट उभा राहत नाही.

परीक्षा घरचीच. बंद पाकीट बादलीतल्या पाण्याखाली धरून हळू दाबा आणि बुडबुडा कुठून येतो ते बघा. मसाल्याच्या पुडीच्या पाकिटात हवा कमी असते, तिथे रिकाम्या पाउचमध्ये रंगीत पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून तो सील करा आणि टिश्यू पेपरवर थोडा वेळ ठेवा. डाग पडतो तिथे गळती. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आणि मशीनचा वेग किंवा तापमान बदललं की हे करावंच.

झिपलॉकबद्दल एकच सांगतो: झिप म्हणजे सील नव्हे. ती गिऱ्हाईकाने पाकीट फोडल्यानंतरची सोय आहे. झिपच्या वर पक्कं सील हवंच.

गरम माल भरणं, आणि खवटपणाचा दोष पाकिटाला देणं

चकली कोमट असताना भरली की तिची वाफ आतच राहते आणि चकली स्वतःच्याच ओलीने मऊ पडते. उत्तम फॉइलही इथे मदत करत नाही, उलट ते वाफ बाहेर जाऊ देत नाही. खवट वासाची गोष्ट वेगळी. तेल पुन्हा पुन्हा तापवलेलं असेल तर माल भरतानाच अर्धा खवट असतो. नायट्रोजन भरल्याने फायदा होतो, पण मेटलाइज्ड किंवा तशीच हवा अडवणारी फिल्म असेल आणि सील पक्कं असेल तरच. साध्या पॉलिथिनमध्ये नायट्रोजन भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

मसाल्याच्या पाकिटाचे पापुद्रे सुटणं

गरम मसाला भरला, महिनाभराने पाकिटावर बुडबुडे आले आणि थर वेगळे झाले. कारण बहुधा लवंग-दालचिनीचं तेल. ते आतल्या पॉलिथिनमधून झिरपतं आणि थर जोडणारा गोंद सैल करतं. लोणच्याचं तेल आणि आम्लही तेच करतं, आणि आत फॉइल असेल तर आम्ल त्यालाही खातं. पाकीटवाल्याला "मसाल्यासाठी पाहिजे" एवढं सांगून भागत नाही. कुठला मसाला, त्यात तेल किती, आंबट काय आहे, हे सांगा म्हणजे तो गोंद तसा निवडेल. गोंद घट्ट व्हायलाही वेळ लागतो. लॅमिनेट झालेला रोल साधारण एक-दोन दिवस उबदार खोलीत ठेवावा लागतो. "उद्याच द्या" म्हणून उचललेल्या मालात पापुद्रे सुटण्याची तक्रार जास्त येते. पूर्ण ऑर्डर देण्याआधी नमुन्याच्या पाउचमध्ये तुमचाच माल भरून दोन-तीन आठवडे उबेला ठेवून बघा.

नव्या पाउचला रंगाच्या दुकानासारखा वास आला तर छपाईतलं किंवा गोंदातलं सॉल्व्हंट नीट उडालेलं नाही. फिल्मचे तुकडे काचेच्या बरणीत बंद करून तासभर गरम जागी ठेवा आणि झाकण उघडताच वास घ्या. दर्प आला तर ती फिल्म बाजूला ठेवा, नाहीतर बेसनाच्या लाडवाला तोच वास लागेल. शाई मालाला कधीच लागता कामा नये, म्हणून चांगल्या पाउचची छपाई बाहेरच्या फिल्मच्या आतल्या अंगाला, दोन थरांच्या मध्ये असते. नखाने खरवडून रंग निघत असेल तर छपाई वरून केलेली आहे. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मनाई आहे, तीही शाईमुळेच.

फुगलेलं पाकीट

पुण्याहून महाबळेश्वरला गेलेली पाकिटं तिथे फुगलेली दिसली तर घाबरू नका. वर हवेचा दाब कमी असतो, खाली आणली की पूर्ववत होतात. डोंगरात माल जाणार असेल तर भरताना हवा थोडी कमी ठेवा. इडलीचं पीठ आंबतं आणि वायू सोडतं, ते फुगणारच. त्याला थंड साखळी (कारखान्यापासून दुकानापर्यंत सतत गारवा) आणि वायू बाहेर जायची सोय लागते.

एका चुकीला मात्र माफी नाही. रस्साभाजी, डाळ, उकडलेलं मक्याचं कणीस असे कमी आंबट, ओले पदार्थ व्हॅक्यूम पाउचमध्ये भरून बाहेरच्या तापमानाला विकणं. हवा काढली म्हणजे जंतू मेले असं होत नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूला हवा नसलेलीच जागा मानवते. त्याचं विष जीव घेऊ शकतं, आणि पाकीट न फुगता किंवा वास न येताही ते आत असू शकतं. ज्याचा पीएच ४.६ च्या वर आहे (पीएच जितका जास्त तितका आंबटपणा कमी) असा ओला पदार्थ बाहेर टिकवायचा तर रिटॉर्ट पाउच, म्हणजे भरून बंद केल्यावर दाबाखालची आच सोसणारा पाउच, हवा आणि १२१ अंशांच्या आसपास दाबाखाली, तपासून ठरवलेल्या वेळेइतकी प्रक्रिया हवी. घरचा कुकर आणि व्हॅक्यूम मशीन मिळून रिटॉर्ट होत नाही. ती सोय नसेल तर असा माल फ्रीझरमध्ये ठेवूनच विका.

छपाईची घाई

ग्रॅव्ह्युअर छपाईत, म्हणजे कोरलेल्या धातूच्या सिलिंडरने होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. तो एकदा कोरला की मजकूर बदलायला नवा करावा लागतो. तरीही लोक एमआरपी सिलिंडरवरच कोरून घेतात, आणि तेलाचे भाव वाढले की रोल पडून राहतात. किंमत, बॅच नंबर, उत्पादनाची आणि वापराची तारीख यांसाठी कोरी जागा सोडा आणि ते नंतर इंकजेटने मारा. तेलकट हात लागून ती शाई पुसत नाही ना, हेही बघा. धंदा नवा असेल तर पहिलं वर्ष प्लेन पाउच आणि चांगलं लेबल हेच शहाणपणाचं, कारण छापील रोलची किमान ऑर्डर छोट्या उद्योगाला झेपत नाही. आणि सिलिंडरचे पैसे तुम्ही दिले असतील तर त्यांची मालकी तुमची, प्रेस बदलताना ते परत मिळतील, हे ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्या. तोंडी ठरलेलं प्रेस बदलायच्या वेळी कुणाला आठवत नाही.